तुटलेल्या नसेचे शेजारी

पायाच्या अंगठ्याला खडा टोचला की ती खबर वर नेणारी चेतापेशी कमरेच्या मणक्यांच्या कडेला, एका बारीकशा गाठीत बसलेली असते. तिच्यातून एकच तंतू निघतो आणि थोड्या अंतरावर त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा नसेतून खाली पायाकडे उतरतो, उंच माणसात जवळजवळ मीटरभर. दुसरा मज्जारज्जूत शिरतो आणि मेंदूच्या दिशेने वर चढतो. पेशी तीच, केंद्रक तेच, जनुके तीच. खालचा फाटा गुडघ्यापाशी तुटला तर तो पुन्हा वाढू लागतो. वरचा मज्जारज्जूत तुटला तर त्याचे टोक फुगते, जरा चाचपडते आणि तिथेच थांबते.

हा फरक कशामुळे पडतो? शंभर वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाचे उत्तर त्या तंतूच्या शेजाऱ्यांत शोधले गेले. नसेत तंतूभोवती श्वॉन पेशी असतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट, अ‍ॅस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया असतात. या सगळ्यांना मिळून ग्लिया म्हणतात. या पेशींच्या भरवशावर तुटलेल्या नसा आणि मज्जारज्जू सांधता येतील का, या प्रश्नावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अफाट काम झाले. आशाही अफाट बांधल्या गेल्या. दोन्हींचा हिशेब एकदा मांडायला हवा, कारण वर्तमानपत्रांत आशांची बातमी येते आणि हिशेबाची सहसा येत नाही.

१८५६ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी या पेशींच्या जाळ्याला नाव दिले, तेव्हा त्यांच्या लेखी तो चेतापेशींच्या मधला भराव होता. पुढे बराच काळ बहुतेकांचे मत तसेच राहिले. एका चेतापेशीमागे दहा ग्लिया असतात असे पाठ्यपुस्तके बिनदिक्कत छापत राहिली. २००९ मध्ये ब्राझीलमधल्या सुझाना एर्कुलानो-हूझेल यांच्या गटाने मानवी मेंदूचा अक्षरशः लगदा करून त्यातली केंद्रके मोजली. चेतापेशी सुमारे ८६ अब्ज भरल्या आणि इतर सगळ्या पेशी मिळून जवळपास तेवढ्याच. दहापट वगैरे काही नाही. ज्या पेशींवर उपचारांचे इमले बांधायचे, त्यांची नीट मोजदाद व्हायलाही एकविसावे शतक उजाडावे लागले.

आधी नसेचे पाहू, कारण तिथे निसर्गाला काम जमते. समजा काचेचे दार फुटले आणि मनगटावरची मीडियन नस पूर्ण कापली गेली. शल्यविशारदाने सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोके टाक्यांनी जुळवली. हे टाके तंतू जोडत नाहीत, फक्त नसेचे वेष्टण जोडतात. कापल्या जागेपासून बोटांपर्यंतचे सगळे तंतू काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन मरतात. १८५० मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हेच पाहिले होते. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. तंतूवर मायलिनचे आवरण गुंडाळून निवांत बसलेल्या श्वॉन पेशी ते काम सोडून देतात. मायलिन बनवणारी जनुके बंद होतात आणि आपणच गुंडाळलेले मायलिन त्या स्वतः पचवू लागतात. उरलेला राडा उपसायला त्या रक्तातल्या भक्षक पेशींना बोलावतात. मग लांबट होऊन, जुन्या तंतूच्या रिकाम्या नळीत एकीला एक लागून ओळीने उभ्या राहतात आणि वाढीला लागणारी प्रथिने स्रवतात. वेलीसाठी मांडव घालावा तसा हा प्रकार आहे. मनगटाकडून येणारे नवे कोंभ त्या ओळी धरून बोटांकडे सरकतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले क्रिस्टियान येसेन आणि ऱ्होना मर्स्की यांनी आयुष्यभर या पेशींचा अभ्यास केला. श्वॉन पेशी जखमेनंतर आपल्या बालपणात परत जाते, अशी जुनी समजूत होती. या दोघांच्या गटाने दाखवले की तसे नाही. ती एका नव्याच अवस्थेत जाते, दुरुस्तीच्या. या बदलाचा सूत्रधार म्हणजे सी-जून हे प्रथिन. २०१२ मध्ये त्यांनी फक्त श्वॉन पेशींतून सी-जून काढून टाकलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या उंदरांच्या नसा जन्मापासून ठीक होत्या, चालणे-फिरणे ठीक होते. पण नस दुखावल्यावर सगळा कारभार कोलमडला. ओळी वेड्यावाकड्या झाल्या, तंतू नीट वाढेनात, कितीतरी चेतापेशीच मेल्या. नस घडायला ज्याची गरज नव्हती, ते नस दुरुस्त व्हायला लागते. माझ्या मते या साऱ्या क्षेत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. दुरुस्ती हे स्वतंत्र काम आहे, ते पेशीला अंगावर घ्यावे लागते आणि ते घेतलेले काम तिच्याकडून सुटूही शकते.

मनगटावर टाके घातलेल्या त्या रुग्णाला डॉक्टर दर महिन्याला बोलावतात. टाक्याच्या जागेपासून तळहाताकडे बोटाने हलकेच टिचक्या मारत जातात. एका जागी रुग्ण दचकतो, बोटांत विजेसारख्या मुंग्या येतात. वाढत्या तंतूंची टोके तिथवर पोचली आहेत. पुढच्या महिन्यात ती जागा अडीच-तीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर हा माणसाच्या नसेचा वेग. ही खूण १९१५ साली जर्मनीत पाउल होफमान यांनी आणि फ्रान्समध्ये ज्यूल तिनेल यांनी वेगवेगळी नोंदवली. महायुद्धात खंदकांच्या दोन बाजूंना दोघेही जखमी सैनिकांच्या हातांवर टिचक्या मारत होते. पुस्तकात नाव मात्र बहुधा एकट्या तिनेलचे येते.

श्वॉन पेशीशी आपल्याकडच्या वैद्यकाचा फार जुना आणि कडू संबंध आहे. कुष्ठरोगाच्या जंतूचे शरीरातले आवडते घर हीच पेशी. कोपराच्या आतल्या बाजूची नस किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणारी नस अशा त्वचेजवळच्या, जरा थंड जागी तो श्वॉन पेशीत शिरतो. नस दोरीसारखी जाड लागते, बधिरता येते, पुढे बोटे वाकडी होतात, पाऊल लोंबते. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अंतिया अशा हातांवर शस्त्रक्रिया करत आणि त्यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये श्वॉन पेशी काचेच्या बशीत वाढवून, त्यांत कुष्ठजंतू सोडून पुढे काय होते ते पाहिले जाई. वाकड्या बोटाची शस्त्रक्रिया आणि पेशीचे संशोधन एकाच माणसाच्या डोक्यात नांदत होते, हे आजच्या तुटक विशेषज्ञतेच्या काळात उठून दिसते. २०१३ मध्ये एडिंबरातल्या अनुरा रामबुक्काना यांच्या गटाने उंदरांच्या पेशींवर दाखवले की हा जंतू श्वॉन पेशीची ओळखच पुसून तिला मूळ पेशीसारखी करून टाकू शकतो आणि तिच्या पाठीवर बसून इतर ऊतींत पसरू शकतो. पेशीची हीच लवचिकता दुरुस्तीच्या कामी येते आणि जंतूच्याही.

आता मज्जारज्जू. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांचे मत होते की प्रौढ मेंदू आणि मज्जारज्जूत तुटलेले पुन्हा उगवत नाही. पण परिस्थिती बदलली तर उगवेलही, असे त्यांना वाटत असे. त्यांचे शिष्य तेयो यांनी सशाच्या मेंदूत नसेचा तुकडा बसवला आणि त्याच्याकडे तंतू ओढले जाताना पाहिले. मग हा विषय साठ-सत्तर वर्षे जवळजवळ निपचित पडला. १९८०-८१ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये अल्बेर्तो आग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा उकरला. उंदराच्या पायातली नस काढायची, तिचे एक टोक मेंदूच्या बुंध्यात आणि दुसरे मज्जारज्जूत खाली खोचायचे. मधल्या भागात तो पूल मज्जारज्जूच्या बाहेरूनच जातो. काही महिन्यांनी रंगद्रव्य घालून पाहिले, तर मज्जारज्जूतल्या चेतापेशींचे तंतू त्या पुलातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढले होते. म्हणजे या पेशींना वाढता येत होते! शेजार बदलल्यावर त्या वाढल्या. पण पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोचून हे तंतू पुन्हा मज्जारज्जूत शिरले की एक-दोन मिलिमीटरांत थबकत. पुढच्या चाळीस वर्षांची दुखरी जागा हीच आहे: पुलात जाता येते, बाहेर पडता येत नाही.

मग मज्जारज्जूतले शेजारी नेमके काय करतात, याचा शोध सुरू झाला. झुरिकमध्ये मार्टिन श्वाब यांनी ऑलिगोडेंड्रोसाइटच्या मायलिनमध्ये वाढ रोखणारे प्रथिन असल्याचे १९८८ मध्ये दाखवले. २००० साली त्याचे जनुक हाती आले आणि त्याला नोगो असे चपखल नाव मिळाले. या प्रथिनाला निकामी करणारी प्रतिपिंडे दिल्यावर उंदरांत तंतू वाढले. पण माणसांवरच्या युरोपीय चाचणीत, मानेच्या मज्जारज्जूला नुकतीच इजा झालेल्यांना ती पाठीच्या पाण्यात टोचल्यावर, ठरवलेला मुख्य परिणाम दिसला नाही. मज्जारज्जू पूर्ण तुटला नव्हता त्यांच्यात थोडा फायदा असावा असे नंतरच्या विश्लेषणात जाणवले. अशा नंतरच्या विश्लेषणांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही, पण ती वाट बंद झाली असेही म्हणवत नाही.

दुसरा आरोपी अ‍ॅस्ट्रोसाइट. इजा झाली की या पेशी फुगतात, जखमेभोवती दाट कुंपण घालतात. हाच तो कुप्रसिद्ध ग्लियाचा व्रण. त्यातले काँड्रॉइटिन सल्फेट तंतूंना अडवते. २००२ मध्ये लंडनमध्ये एलिझाबेथ ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी ते कापणारे जिवाणूंचे विकर उंदरांच्या मज्जारज्जूत सोडले, तेव्हा तंतू वाढले आणि चालही सुधारली. कुंपण तोडा, रस्ता मोकळा करा, असा सोपा हिशेब तेव्हा मांडला गेला. मात्र २०१६ मध्ये लॉस एंजलिसच्या मायकल सोफ्रोन्यू यांच्या गटाने हे कुंपणच होऊ न देण्याची तजवीज केली, तर तंतू वाढले नाहीत. उलट कुंपण शाबूत ठेवून वाढीची प्रथिने दिल्यावर ते त्यातून पार गेले. या निकालावर अजून वाद आहेत. तरी एवढे खरे की व्रण म्हणजे नुसता खलनायक, ही मांडणी आता टिकत नाही. कुंपण नसेल तर जळजळ भोवतालच्या धडधाकट भागात पसरते आणि नुकसान वाढते, हे याच गटाने आधीच दाखवले होते.

बेन बॅरिस या स्टॅनफर्डच्या संशोधकाने अ‍ॅस्ट्रोसाइटची गोष्ट आणखी गुंतागुंतीची केली. २०१७ मध्ये त्यांनी आणि शेन लिडेलो यांनी दाखवले की चिडलेल्या मायक्रोग्लिया काही विशिष्ट रेणू सोडतात आणि त्यांमुळे अ‍ॅस्ट्रोसाइट चेतापेशींना मारू लागतात. या चेतापेशी मारणाऱ्यांना ए-१ आणि मदत करणाऱ्यांना ए-२ अशी विभागणी झाली. ती इतकी सोयीची होती की जिकडेतिकडे वापरली गेली. २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या कितीतरी संशोधकांनी एकत्र येऊन ही चांगले-वाईट अशी विभागणी सोडून द्या असे लिहिले, ते बरेच झाले.

मायक्रोग्लियाचेही तसेच. हार्वर्डच्या झिगांग हे यांच्या गटाने २०२० मध्ये दोन दिवसांच्या उंदराच्या पिल्लाचा मज्जारज्जू चिरडून पाहिला. जखम व्रणाशिवाय भरली आणि तंतू पलीकडे गेले. मायक्रोग्लिया काढून टाकल्यावर हे घडले नाही. प्रौढ उंदरात त्याच पेशी ते काम करत नाहीत. झीब्रा मासा तर मोठेपणीही तुटलेला मज्जारज्जू ग्लियाच्या पुलावरून सांधतो आणि काही आठवड्यांत पोहू लागतो. कोणती पेशी आहे याला मर्यादित अर्थ आहे. ती कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणत्या वयात, हे पाहावे लागते. शेजाऱ्यांनाच सगळा दोष देणेही बरोबर नाही. सुरुवातीच्या त्या दोन फाट्यांच्या पेशीचा खालचा फाटा आधी दुखावला, तर तिचा वरचा फाटाही वाढीला तयार होतो, हे उंदरांत स्पष्ट दिसले आहे. म्हणजे पेशीच्या स्वतःच्या उमेदीलाही किंमत आहे.

माणसांत ग्लिया पेशी रोपण्याचे प्रयोग बहुतेक दोन स्रोतांतून झाले. पहिला स्रोत नाक. वासाच्या चेतापेशी आयुष्यभर मरत आणि नव्याने जन्मत राहतात. त्यांचे तंतू नाकातून थेट मेंदूत शिरतात. त्यांना सोबत करणाऱ्या ग्लियावर लंडनच्या जेफ्री रेझमन यांनी उमर घालवली. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने या पेशी उंदराच्या मज्जारज्जूत सोडून पुढच्या पंजाने अन्न पकडण्याचे कसब परत आल्याचे प्रसिद्ध केले. इतर प्रयोगशाळांत निकाल तितके ठाशीव आले नाहीत. ब्रिस्बेनमध्ये अ‍ॅलन मॅके-सिम यांनी तीन रुग्णांवर केलेली चाचणी सुरक्षित ठरली, पण हालचाल परत आली नाही. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटरमध्ये पाच रुग्णांवर नाकाच्या अस्तराचे रोपण झाले. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये छापला गेला: रोपण करता येते, पण त्याने उपयोग झाल्याचा पुरावा नाही. असे निष्कर्ष प्रामाणिकपणे छापण्याचे श्रेय त्या गटाला द्यायला हवे.

मग २०१४ मध्ये पोलंडची बातमी जगभर गेली. चाकूहल्ल्यात मज्जारज्जू कापला गेलेल्या एका माणसावर व्रोत्सवाफमध्ये पावेल ताबाकोव यांनी २०१२ मध्ये शस्त्रक्रिया केली होती. त्याच्या मेंदूतला एक गंधकंद काढून त्यातल्या पेशी वाढवल्या, त्या जखमेच्या वर आणि खाली टोचल्या आणि आठ मिलिमीटरची खिंड त्याच्याच पायातल्या नसेच्या पट्ट्यांनी सांधली. तो पुढे वॉकर धरून चालू लागला. घटना खरी आणि हेलावणारी आहे. पण रुग्ण एकच होता. चाकूची जखम धारदार असते, गाडीच्या अपघातात मज्जारज्जू चेंगरतो. शिवाय त्याची फिजिओथेरपी शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही अत्यंत कसून चालली होती. पेशींचा वाटा किती, हे एका माणसावरून ठरत नाही.

दुसरा स्रोत म्हणजे रुग्णाच्याच पोटरीतल्या श्वॉन पेशी. मायामीत रिचर्ड आणि मेरी बंज या दांपत्याने या कल्पनेला आकार दिला. अनेक वर्षांनी, २०१२ मध्ये, अमेरिकी औषध प्रशासनाने माणसांवर चाचणीला परवानगी दिली. पाठीच्या मज्जारज्जूला अलीकडेच इजा झालेल्या सहा जणांच्या पोटरीतून नस काढून पेशी वाढवल्या आणि प्रत्येकी ५० लाख ते दीड कोटी पेशी जखमेत सोडल्या. २०१७ मध्ये निकाल आला: सुरक्षित. रिचर्ड बंज तो पाहायला नव्हते, ते १९९६ मध्येच गेले. या चाचण्यांना अपयशी म्हणणे चुकीचे होईल, कारण पहिल्या टप्प्यात सुरक्षितताच तपासतात. पण सुरक्षित म्हणजे गुणकारी नव्हे, ही साधी गोष्ट जाहिरातींत सोयीने विसरली जाते.

ग्लियालाच चेतापेशी बनवून टाकण्याची कल्पना तर आणखी आकर्षक. २०२० मध्ये एक प्रथिन दाबून अ‍ॅस्ट्रोसाइटच्या चेतापेशी झाल्या आणि पार्किन्सन झालेले उंदीर सुधारले, असा शोधनिबंध गाजला. पुढच्याच वर्षी चुन-ली झांग यांच्या गटाने पेशींची वंशावळ काटेकोरपणे तपासली, तेव्हा त्या नव्या चेतापेशी आधीपासूनच तिथे असल्याचे निघाले. खुणेचा रंग चुकीच्या पेशीत गळला होता. डोळ्याच्या पडद्यातल्या म्युलर ग्लियापासून उंदरांत नव्या पेशी मिळवण्याचे काम त्या मानाने जास्त भक्कम आहे, पण तेही अजून उंदरांतच आहे.

आपल्याकडे या साऱ्याची एक वाईट बाजू आहे. मणक्याच्या अपघाताने अंथरुणाला खिळलेल्या तरुणाचे आईवडील जमीन विकून त्याला 'स्टेम सेल'ची इंजेक्शने देववतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकार वगळता असे उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात आणि चाचणीत रुग्णाकडून त्यांचे पैसे घ्यायचे नसतात. रोपणाने अपाय होतच नाही असेही नाही. परदेशात नाकाच्या अस्तराचे रोपण करून घेतलेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत आठ वर्षांनी गाठ सापडली, तिच्यात नाकासारखाच चिकट स्राव होता.

मज्जारज्जूचा प्रश्न अजून लांबचा आहे. नसांच्या बाबतीत मात्र ग्लियाचे ज्ञान हाताशी येत चालले आहे, आणि तिथे खरा शत्रू काळ आहे. दुचाकीवरून पडून खांदा आणि मान विरुद्ध दिशांना ताणली गेली की हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा फाटतो. मानेपासून हाताच्या पंजापर्यंतचे अंतर, दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने, कापायला दोन वर्षे लागतील. पण श्वॉन पेशी दुरुस्तीच्या अवस्थेत इतका काळ टिकत नाहीत. काही महिन्यांत त्यांच्यातले सी-जून उतरते, त्या आखडतात, मरू लागतात. तंतू येईपर्यंत मांडव मोडलेला असतो. वय वाढले की हे सी-जून मुळातच कमी चढते. २०२१ मध्ये येसेन-मर्स्की यांच्या गटाने म्हाताऱ्या आणि फार काळ तंतूविना राहिलेल्या नसांच्या श्वॉन पेशींत सी-जून जनुकीय पद्धतीने पुन्हा वाढवले, तर उंदरांत तंतूंची वाढ तरुण, ताज्या जखमेइतकी झाली. माणसांत हे साधणारे औषध अजून बाजारात नाही.

त्यामुळे शल्यविशारद सध्या अंतरच कमी करतात. १९९४ मध्ये फ्रान्समध्ये क्रिस्तोफ ओबर्लँ यांनी एक पद्धत मांडली. हाताच्या करंगळीकडे जाणारी नस शाबूत असेल, तर तिच्यातली तंतूंची एक जुडी सोडवून थेट दंडाच्या स्नायूकडे जाणाऱ्या नसेला जोडायची. मानेपासून येण्याऐवजी तंतूंना फक्त काही सेंटिमीटर जायचे असते, श्वॉन पेशी दमण्याआधीच ते स्नायूत पोचतात. करंगळीच्या बळात सहसा फारसा फरक पडत नाही. भारतातल्या मोठ्या शहरांतही आता ही शस्त्रक्रिया होते, आणि तिला अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत येणारा रुग्ण हवा असतो. पुष्कळसे रुग्ण वर्ष उलटून गेल्यावर येतात, कारण आधी कुणीतरी त्यांना नस आपोआप येईल, थांबा, असे सांगितलेले असते.